लवंगेच्या खणातलं शिसं

बाबल, तुझी रबराची गांडुळं मीच वितळवली होती. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुन्हा एकदा लिहून ठेवते. चुलीवर ठेवून वितळवली नाहीत रे, जपून ठेवून वितळवली. जहाजाची नोकरी सोडून तू कायमचा घरी आलास, त्या चतुर्थीला बॅगेतून दोन वस्तू काढल्यास. माझ्यासाठी बांगड्या ठेवायला काचेसारखा आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा डबा, आणि स्वतःसाठी पाकिटं भरभरून मऊ, लवलवती, रंगीत गांडुळं. काळी, जांभळी, धुरकट, काही तर चक्क आमसुलाच्या रंगाची. वास बडीशेपेचा. मी म्हटलं, एवढ्या लांबून आलेला माल पाकिटात चुरगळत कशाला ठेवायचा? बांगड्या बाहेर काढल्या, डबा धुऊन पुसला, सगळे रंग शेजारी शेजारी हारीनं निजवले आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर माझी तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली. साठी जवळ आलेली बाई, आणि अक्कल अशी.

गणपती पोचवल्यावर तू डबा उघडलास. काळं जांभळ्यात उतरलं होतं, जांभळं आमसुलीत, आणि डब्याचा तळ मेणासारखा मऊ पडून सगळ्यांना घेऊन बसला होता. या रबराला कडक प्लॅस्टिकचा शेजार चालत नाही, निरनिराळे रंगही एकत्र ठेवायचे नसतात, हे तुला जहाजावर कुणीतरी सांगितलं होतं. तू मला सांगायला विसरला होतास. आत बोट घातलंस तर लांबलचक तार निघाली. "वयनी," तू म्हणालास, "कोंडीतल्या माशांनी तुझो फोटो लावूक व्हयो." आणि मग हात झटकत, "गरम लागता गो! उन्हात ठेवलेलंस काय?"

डबा खिडकीतच होता. जेमतेम कोमट असेल. तेवढंही तेव्हा तुझ्या बोटाला कळत होतं.

भरपाई म्हणून मी सासूबाईंचा पितळी पानाचा डबा तुला दिला. आता तोच माझ्यासमोर आहे. चिंच लावून घासला, उन्हात उपडा घातला, तरी बडीशेपेचा वास जात नाही. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. घरात येणारा प्रत्येकजण तुझ्याबद्दल चांगलं बोलतो आणि मला दर वेळी वाटतं की हा कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल बोलतोय. मला तर तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू शेंबडा होतास आणि मी शहाणी नव्हते. माझं माहेर घाटाखालचं, वैभववाडीकडचं, समुद्र लग्नाच्या वरातीत पहिल्यांदा पाहिलेला. आपण मोठ्या बंदरकाठच्या घरात पडलो अशी माझी समजूत, म्हणून मासे धरता येतात अशी थाप मी आल्या आल्या मारून ठेवली. तू ती खरी धरलीस आणि दुपारी सगळे निजलेले पाहून मला व्हाळाच्या वरच्या अंगाला, आवळीच्या कोंडीवर, ओढ्यातल्या खोल डोहावर, घेऊन गेलास. खाली वालावलीकडे खाडीचं खारं पाणी चढतं, पण कोंडीतलं पाणी गोडं. मी मोठ्या ऐटीत गळ मागे नेला आणि पुढे फेकला. पुढे काही गेलंच नाही. गळ माझ्याच आंबाड्यात. नवी सून आंबाड्यात गळ आणि गळाला खरंखुरं गांडूळ घेऊन मागच्या दारानं घरात शिरली. तू दोरी हातात धरून मागून येत होतास, गाय आणावी तसा. सासूबाई म्हणाल्या, "खंयचो मासो हाडलंस रे?" बरोब्बर चाळीस वर्षं तू हे ज्याला त्याला सांगितलंस. चाळीस म्हणजे अंदाजानं. मला तरी ती चारशे वाटली.

पण कोंड मला त्या दिवसापासून आवडली नाही. कमळाच्या पानांखाली पाणी काळं, आणि काठ एकदम तुटलेला. वर्षातून एकदा तिथे नारळ देतात, पण तो तरंगत परत काठाला आला तर सगळे गप्प घरी येतात. तू हसायचास. जहाजावरून सातही समुद्र बघून आलेला माणूस, आणि जीव अडकला या थाळीएवढ्या पाण्यात. तिथे एक मोठी मरळ आहे, लहानपणी एकदा तिनं तुझी दोरी तोडली होती, आणि ती किंवा तिची नात अजून तिथेच आहे, असं तुझं म्हणणं.

तुझे दादा गेल्यावर मला दुपारी घरात बसवत नसे. तुझ्या बायकोला, सुलूला, कोंडीचा कंटाळा. "रबराची गांडुळां, आणि हे दोन म्हातारे," म्हणून ती दार ओढून घ्यायची. म्हणून मी तुझ्याबरोबर यायला लागले, डबा सांभाळायला. तेव्हा तू मला सगळं शिकवलंस. पानाच्या डब्यात आपण खण लावले ते असे: लवंगेच्या खणात सगळ्यात हलकं शिसं, म्हणजे धाग्यात ओवायचं वजन, टोकाकडे निमुळतं, मधून भोक असलेलं. काताच्या खणात मधलं. सुपारीच्या खणात जड. चुन्याच्या डबीत गळ. गांडुळं रंगवार, तेलकट कागदात गुंडाळून खालच्या मजल्यावर. पाणी गढूळ असेल तेव्हा काळं किंवा जांभळं, शेपटी वळलेलं, म्हणजे दिसलं नाही तरी पाणी हलवून जागा सांगतं. दिवाळीनंतर पाणी निवळलं की धुरकट, बारीक, साध्या शेपटीचं. शेवाळ आहे म्हणून गळाचं टोक रबराच्या पोटात लपवायचं, मासा चावला की तेव्हाच ते बाहेर येईल.

आणि शिसं जमेल तितकं हलकं. हे तू मला पुन्हा पुन्हा सांगितलंस. जड शिसं भसकन तळाला जातं, मासा ते पाहीपर्यंत खेळ संपतो. हलकं असेल तर गांडूळ डुलत डुलत उतरतं आणि मरळ ते उतरतानाच घेते. धाडकन घेण्याआधी ती एकदा नुसती शिवते, आणि ते शिवणं तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या, धाग्यावरून बोटाला कळलं पाहिजे. "जड शिशार कोणय मासो धरीत," तू म्हणायचास. "हलक्यार धरता तो गरवणारो." गळानं मासे धरणाऱ्याला तू गरवणारो म्हणायचास.

मी तुझी टिंगल करायची, पण एकदा तू माझ्या बोटावर धागा ठेवलास आणि मला ते शिवणं कळलं. इतकं बारीक, की पोटातलं मूल पहिल्यांदा हलतं ना, तसं. तुला मी हे बोलले नाही. दिराला काय सांगायचं असलं!

आता पुढचं. पुढचं मला उलट्या क्रमानं आठवतं, आणि तसं आठवलं की दर पायरीवर वाटतं, इथे मी हसले होते. सांगते मात्र सुलट.

पहिल्यांदा तू म्हणालास, "वयनी, ह्या धाग्याक भोक गावना नाय. तू ओव." मी ओवला. तुझ्यापेक्षा मी सहा-सात वर्षांनी मोठी, आणि मी ओवला. मी म्हटलं, "आगबोट चालवलंस ती अशीच काय रे? आंधळ्या कोशिंबिरीन?" तू हसलास.

मग मार्गशीर्षातली ती सकाळ. पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे मोजावेत. तू काठावर उभा राहून बराच वेळ बघितलंस आणि हात पुढे केलास. "काळां दी. आज पाणी गढूळ आसा."

मी पाण्याकडे बघितलं. मग तुझ्याकडे. तू थट्टा करत नव्हतास. मी मुकाट्यानं काळं दिलं. तेव्हा एकदाच मी हसले नव्हते, बाबल. माझ्या अंगावर काटा आला आणि मी तो थंडीच्या नावावर घातला.

त्यानंतर मुंग्या आल्या. मागच्या दारी माडाच्या बुंध्याशी, तू सकाळी उठून जिथे लघवीला जायचास तिथे. आधी थोड्या, मग काळी रांग, पायरीपर्यंत. सुलूनं राख टाकली. दुसऱ्या दिवशी राखेवरून रांग. मी राख टाकली. साखर अंगात शिरली की काय होतं हे मला ठाऊक होतं, माझे वडील त्यानंच गेले. तुला म्हटलं, "कुडाळाक डॉक्टरकडे जावया." तू म्हणालास, "ह्यो पावस जावंदे." पाऊस गेला. "शिमगो होवंदे." शिमगा झाला. गोड खाणं मात्र तू सोडलंस, निदान माझ्यासमोर. तुझ्या उशाला चिक्कीचे कागद सापडायचे.

त्याच सुमाराला सुलू माहेरी शिरोड्याला गेली होती, भाचीच्या साखरपुड्याला. एस. टी.तून उतरली तेव्हा काखेत गाठोडं, आणि तिचा एक खांदा खाली आलेला. "काय गो ह्या येवढा?" मी विचारलं. "सोलां आसत, आक्का," ती म्हणाली. वर्षभराची आमसुलं आपल्या घरात असताना हिनं माहेरून सोलं आणली. मला राग आला. त्यानंतर काही दिवस धुण्याच्या दगडावर करडे ओरखडे दिसायचे, माझ्या पांढऱ्या लुगड्याला डाग पडला. त्याचाही राग आला. मला राग येण्याचा तो हंगामच होता.

आणि मग आपलं भांडण.

कोंडीवर तू म्हणालास, "लवंगेच्या खणातला दी." मी खण उघडला. आत हलकं शिसं नव्हतंच. सगळ्या गोळ्या काताच्या खणातल्यापेक्षा मोठ्या, टोकं घासून निमुळत्या केलेल्या. मला वाटलं तूच त्या बदलल्यास. हाताला कळेनासं झालं, म्हणून गुपचूप जड घेतोस आणि मला मात्र लवंगेच्या खणातलं म्हणून सांगतोस. ज्या माणसानं मला आयुष्यभर आंबाड्यातल्या गळावरून चिडवलं, तो आता माझ्यासमोर चोरी करतोय. सापडला! मला आनंद झाला रे. मेल्या मनाला आनंद झाला.

"बाबल, ह्या जड आसा."

"हलक्यातला हलक्या आसा. ओव तू."

"माझ्या हातात आसा मां! माका शिकवतंस?"

"मीच शिकवलंय तुका."

ओवलं. तू फेकलंस. पाण्यात बेडूक पडावा तसा आवाज आला. "आयकलंस?" मी म्हटलं. "तुझे कान म्हातारे झाले," तू म्हणालास. आणि तेवढ्यात तुझा चेहरा बदलला. बोट धाग्यावर, मान तिरकी, डोळे मिटलेले. "शिवली," तू पुटपुटलास. "वयनी, शिवली." दांडी ओढलीस, पाणी फुटलं, आणि कमळाची पानं उलटी करत ती काळी पाठ एकदा वर आली. मरळच होती. गळ सुटला. पण तू काठावर उभा राहून लहान पोरासारखा हसत होतास. "बघितलंस? हलक्या शिशार! हात अजून बोलता माझो!"

आणि मी म्हटलं, "जड शिशार कोणाकय कळात. खोटारडो मेलो."

तुझंच वाक्य तुला परत दिलं. तू दोरी गुंडाळलीस आणि पुढे चालायला लागलास. मी डबा घेऊन मागे. दगडांवरून जाताना बघितलं तर तुझ्या टाचेमागे एक जांभळं गांडूळ येत होतं. तू पाय उचललास की ते उचललं जायचं, टेकलास की दगडावर लोळायचं. मला हसू फुटलं. इतकी हसले की डबा खडखडला. "बाबल, तुझा पाळलेला जनावर बघ रे!" तू वळलास. मग मला दगड दिसले. प्रत्येक दगडावर एक ओला ठसा, आणि ठसा पाण्याचा नव्हता.

काठावर पडलेला जुना गळ तुझ्या टाचेत पुरा रुतला होता. तू त्यावर शेतभर चालला होतास. तुला कळलं नव्हतं.

तू दगडावर बसलास, पाय मांडीवर घेतलास आणि दुसऱ्याचा पाय बघावा तसा बघत राहिलास. "दुखणा नाय," तू म्हणालास. "कायच दुखणा नाय." हे तू मला धीर द्यायला म्हणालास. मी गळ कापून काढला, माझ्या पदराची पट्टी बांधली. तू म्हणालास, "सुलूक सांगा नको." घरी पोचताच पायरीवरून मी ओरडूनच सांगितलं. त्याबद्दल मला माफी मागायची नाही. ते एक मी बरोबर केलं, फक्त फार उशिरा केलं.

कुडाळचा डॉक्टर, मग गोव्याचं मोठं इस्पितळ. टाच काळी पडत घोट्याकडे निघाली. ट्रंक कॉल लावून तुझ्या मुलाला मुंबईहून बोलावलं. पाय काढायचा म्हणाले, तू आधी नाही म्हणालास, मग हो म्हणालास, आणि हो म्हणेपर्यंत ताप सगळीकडे पसरला होता. खाटेजवळ बसून मी तुला नातवंडांच्या गजाली सांगायची. तू डोळे मिटून ऐकायचास. तुझं बोट चादरीवर सारखं हलायचं, धागा असावा तसं.

एकदा डोळे न उघडता म्हणालास, "वयनी, ता शिसा हलक्याच होता."

"बरा रे," मी म्हटलं. "हलक्याच होता. नीज."

तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं की मी नुसती समजूत काढते आहे. माझ्या आवाजातलं ते तुला बोटाशिवाय कळलं. तू तोंड भिंतीकडे केलंस. त्यानंतर आपण बोललो ते पाण्याविषयी, औषधाविषयी. ते काही बोलणं नव्हे.

म्हणून म्हणते, भांडण अर्धं राहिलंय. खोटं बोललास याचा राग नाही रे, कधीच नव्हता. मरताना माणूस एवढ्याशा शिशासाठी खोटं का बोलेल, हे मला सुटत नव्हतं. इतकी का लाज वाटली माझी? आंबाड्यात गळ अडकवून घेणाऱ्या बाईसमोर कसली रे लाज? जहाजावरून दर वेळी आलास की आधी माझ्या पाया पडायचास आणि मग चिमटा काढायचास. त्या माणसाला मी शेवटची पदवी दिली ती खोटारड्याची.

बाराव्यानंतर पाहुणे पांगले आणि सुलू नि मी पडवीत बसलो. ती मागच्या दारची राख झाडून आली होती. मुंग्या गेल्या आहेत, कधी गेल्या ते आम्हा दोघींनाही आठवेना. मी हा डबा काढला. म्हटलं, गांडुळं तरी कुणाला देऊन टाकू. खण उघडता उघडता माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ गो, शेवटपर्यंत माका फसवून गेलो. जड शिसां लवंगेत लपवून ठेवलेल्यान."

सुलूनं डब्याकडे बघितलं नाही. हातातली केरसुणी खाली ठेवली, पदरानं हात पुसले. इतक्या वर्षांत ती माझ्याशी इतकं एकदम कधी बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली:

"तुमी मागीलदारी आसताना ते हयसर बसत, डोळे मिटत आणि धागो बोटार घेवन माका सांगत, सुलू, वायच ओढ. मी ओढी, आक्का. तेंका कळा नाय. म्हणान शिरोड्यासून माझ्या भावाच्या जाळ्याची शिसां हाडलंय, दगडार घासून टोकां काढलंय आणि लवंगेच्या खणात घातलंय. तेंका म्हायत नव्हता. तेंनी तुमका खोटा सांगूक नाय."